शब्दचर्चा : 'सोमॅटिक थेरपी'ला मराठीत काय म्हणावं? आणि ट्रॉमा म्हणजे आघात की धसका?

पांझराकाठची :
धुळ्यात आम्ही काही जणी मिळून चार पानांचं पत्रक तयार करतोय. अपघात, आग, घरातली मारहाण, जिवावर बेतलेलं बाळंतपण यांतून गेलेल्या बायकांसाठी. त्यात सोमॅटिक थेरपीची ओळख द्यायची आहे. म्हणजे घडलेलं नुसतं बोलून दाखवायचं नाही, तर श्वास, छातीतली धडधड, आखडलेली मान, पायाखालची जमीन यांच्याकडे लक्ष देत देत भीतीतून बाहेर यायचं. आमच्याकडे आलेल्या मसुद्यात 'आघातोत्तर देहाधिष्ठित उपचारपद्धती' असं लिहिलंय. एवढा शब्द वाचल्यावर आमच्या गल्लीतली बाई पुढचं पान उघडणार नाही.

जिव्हाळ्यानं विचारतेय, कारण गोष्ट घरातली आहे. तीन वर्षांपूर्वी पारोळ्याच्या अलीकडे हायवेवर ट्रकनं आमच्या स्कूटरला मागून धडक दिली. सासूबाई मागे बसल्या होत्या. खरचटलं, हाड मोडलं नाही. पण आजही ट्रकचा हॉर्न वाजला की त्यांचा उजवा खांदा कानाला लागतो आणि हात खाटेची कड घट्ट धरतो. एक्स-रे चांगला, तेल लावून झालं, शेक घेऊन झाला. मग एका थेरपिस्टताईंशी फोनवर व्हिडिओनं बोलणं सुरू केलं. पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं, "तुमच्या शरीरात आत्ता कोणत्या संवेदना आहेत?" सासूबाई म्हणाल्या, "वेदना नही आते, बरं शे." मी मध्ये पडले आणि अहिराणीत विचारलं, "आई, आंगमा काय व्हई ऱ्हायनं?" म्हणजे अंगात काय होतंय. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग छातीवर तळवा ठेवून म्हणाल्या, "आठे पाटा शे." इथं पाटा आहे.

तीन वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारणाराचा शब्दच त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. म्हणून पत्रकातल्या एकेका शब्दावर अडून बसलेय.

जामनेरकर मास्तर :
ताई, दहावीच्या विज्ञानात 'कायिक पेशी' हा शब्द मुलांना शिकवतो, तो सोमॅटिकसाठीच आहे. ग्रीक भाषेत 'सोमा' म्हणजे शरीर. आपल्याकडे 'कायिक, वाचिक, मानसिक' ही तिकडी कीर्तनातसुद्धा ऐकू येते, त्यामुळे 'कायिक' अगदी परका नाही. 'कायिक उपचार' चालेल.

एक वैद्य, अमळनेर :
मास्तर, अडचण होईल. 'कायचिकित्सा' हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, आणि ते वैद्यांच्या पाटीवर लिहिलेलं असतं. 'कायिक उपचार' वाचून माणूस ताप-पोटदुखी घेऊन येईल, किंवा पंचकर्म कधी करणार म्हणून विचारेल. 'देहोपचार' म्हटलं तर मालीश वाटेल. 'शरीर' घ्या, साधा शब्द आहे. त्याहून साधा 'अंग'.

पांझराकाठची :
'अंग' मलाही जवळचा वाटतो. अंगावर काटा येतो, अंगाचं पाणी होतं, एखादी गोष्ट अंगवळणी पडते, दुखणं अंगावर काढतात. खानदेशात बाई 'शरीर दुखतंय' म्हणत नाही, 'आंग दुखस' म्हणते.

आता 'ट्रॉमा'चं बोला, म्हणजे अशा प्रसंगानंतर मनात-अंगात मागे राहणाऱ्या घावाचं. मूळ ग्रीक अर्थ जखम. पण इकडे ट्रॉमा म्हटलं की हायवेवरच्या ट्रॉमा केअर सेंटरची पाटी डोळ्यांसमोर येते. आणि 'आघात' म्हटलं की उष्माघात नाहीतर पक्षाघात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे आमच्या कानाला 'घात' हा आधी उन्हाचाच. माझ्या मनात 'धसका' आहे.

समुपदेशक, जळगाव :
मी या क्षेत्रात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'धसका' मला आवडला, तरी शंका आहे. परीक्षेचा धसका, सासरच्या पाहुण्यांचा धसका, कापसाचा भाव पडल्याचा धसका, इतक्या साध्या गोष्टींना आपण तो लावतो. निदानाला त्याहून ठाम शब्द हवा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी केलेल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा त्रास, १९८० साली आलं. त्याचं मराठी 'आघातोत्तर ताणविकृती' असं केलं जातं, आणि त्यातल्या 'विकृती'ला माझा ठाम विरोध आहे. वर्तमानपत्रात विकृत म्हणजे कोण, ते सगळ्यांना माहीत आहे. ज्या बाईवर अत्याचार झाला तिच्याच कागदावर 'विकृती' लिहायचं? 'विकार' लिहा.

आता 'धसका'च्या बाजूनं. आघात *होतो*, धसका *बसतो*. आघात बाहेरून येतो आणि त्या दिवशी संपतो. बसलेला धसका मागे राहतो. सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग ही पद्धत ज्यांनी १९७० च्या दशकापासून घडवली ते पीटर लेव्हिन हेच म्हणतात, की ट्रॉमा त्या घटनेत नसतो, मज्जासंस्थेत अडकून राहिलेल्या प्रतिक्रियेत असतो. त्यांना दोन वाक्यं लागली, आपल्याकडे एक क्रियापद पुरतं.

यामागची यंत्रणा अशी. संकटात स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप चालणारा मज्जासंस्थेचा भाग, शरीराला लढायला किंवा पळायला तयार करते. वॉल्टर कॅनन यांनी हे १९१५ साली मांडलं. लढताही येत नाही, पळताही येत नाही, तेव्हा माणूस जागच्या जागी थिजतो. सासूबाई स्कूटरवर मागे होत्या, त्यांच्या हातात ना ब्रेक होता ना हँडल. धरायला निघालेला हात तेव्हा अर्धवट राहिला, तो आज खाटेची कड धरतोय असं या पद्धतीचे लोक म्हणतील. मेंदूतून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस आहे, तिच्यातले बहुतेक तंतू शरीराकडून मेंदूकडे बातमी नेतात. म्हणून 'घाबरू नका' असं वरून सांगून भागत नाही, खालून बातमी बदलावी लागते.

एक सावधगिरी पत्रकात जरूर घाला. या पद्धतीवरचं संशोधन अजून थोडं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी शिफारस केली ती आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचाराची (विचार आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारा उपचार) आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेल्या ईएमडीआरची. चालू गोळ्या मनानं बंद करू नका, हे ठळक छापा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबरही द्या, त्यावर मराठीत बोलता येतं.

चोपडेकर :
समुपदेशक भाऊंनी 'थिजतो' लिहिलं, त्याबद्दल. पुस्तकी भाषांतरांत तिथं 'गोठणे' असतं. पाणी गोठतं, आणि आपल्या उन्हाळ्यात बर्फ बघायचा तो रसवंतीवर. तूप थिजतं, खोबरेल थिजतं. डिसेंबरात सकाळी बाटली उलटी केली तरी तेल पडत नाही. मग आई ती उन्हात ठेवायची, नाहीतर हाताच्या तळव्यात धरून बसायची. आपटून तेल निघत नाही. माणसाच्या बाबतीत 'थिजणे'च लिहा. दातखीळ बसते, हातपाय गळतात, हेही त्याच घरातले शब्द.

पांझराकाठची :
चोपडेकर दादा, तुमची बाटली जशीच्या तशी पत्रकात घेतेय.

थेरपिस्टताई आणखी एक शब्द वापरतात, 'पेंड्युलेशन'. लक्ष दुखऱ्या जागी न्यायचं, लगेच बऱ्या जागी आणायचं, पुन्हा न्यायचं. मसुद्यात 'दोलन' आहे. सासूबाईंना मी म्हटलं, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका. निंबाच्या फांदीला बांधलेला, माहेरी आलेल्या पोरींचा. एका टोकाला पोटात गोळा येतो, पण झोका तिथं थांबत नाही, परत येतोच. त्या हसल्या. म्हणाल्या, आधी हळू झोका द्यायचा, जोर नंतर. थेरपिस्टताईंनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. थोडं थोडं, झेपेल तेवढंच, याला त्यांच्याकडे वेगळा अवघड शब्द आहे, तोही पत्रकात नको.

एक वैद्य, अमळनेर :
मथळ्यात 'धसका उतरवणे' लिहू नका मात्र. नजर उतरवतात, भूत उतरवतात. लोक भगताकडचं काही समजतील. 'काढणे'चंही तेच.

जामनेरकर मास्तर :
'घालवणे'?

समुपदेशक, जळगाव :
'घालवणे'त बळजबरी आहे. शिवाय पूर्ण जाईल असं वचन दिल्यासारखं होतं, ते देता येत नाही.

पांझराकाठची :
'ओसरणे' कसं वाटतं? पांझरेचा पूर ओसरतो तेव्हा कुणी त्याला ढकलत नाही. पाणी बोटबोट उतरतं, मागे गाळ राहतो, तो घरच्यांनी मिळून काढायचा असतो. मथळा असा करते : 'अंगात बसलेला धसका ओसरावा म्हणून'. आत एकदाच, पहिल्या परिच्छेदात, 'सोमॅटिक थेरपी' हे नाव देते, म्हणजे दवाखान्यात विचारता येईल. निदानाच्या जागी 'आघातोत्तर ताणविकार'. 'संवेदना' सगळीकडून काढून 'अंगात काय होतंय' केलंय.

सासूबाईंचं सांगायचं तर, खांदा अजून वर जातो, पण लवकर खाली येतो. मागच्या आठवड्यात ताईंनी विचारलं तेव्हा त्या छाती चाचपून म्हणाल्या, "आते पाटा नही, वरवंटा शे." आता पाटा नाही, वरवंटा आहे. मला तिथंच रडू आलं. पत्रकात हे घालू का म्हणून त्यांना विचारलं, तर म्हणाल्या घाल, नाव नको.

आता नंदुरबारकडच्या मंडळींना विनंती. अक्कलकुवा-धडगावच्या बायकांपर्यंत हे पोचवायचं तर भिलोरी आणि पावरी या बोलींत लागेल. तिकडे भीती अंगात बसते की आणखी काही करते? क्रियापद कळवा.