दुकानाचा गाळा, वकील आणि एजंटचा छापील नमुना

"एजंट नोंदणी करून देतोय, मग वकिलाला पैसे कशाला?" असा प्रश्न दुकानाचा गाळा भाड्याने देता-घेताना विचारला जातो. एजंट भाडेकराराची नोंदणी करतो, त्यातली कलमं लिहीत नाही. त्याचा नमुना बहुधा घरभाड्याचा असतो, आणि नेमकी गडबड तिथेच होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 मध्ये मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडून) जागा परत मिळवायची सोय आहे, पण ती फक्त राहत्या जागेसाठी. गाळ्याला दिवाणी दावाच लावावा लागतो.

मुद्रांक शुल्काचा हिशेब आधी करून घ्या. लिव्ह अँड लायसन्स (ठराविक मुदतीसाठी जागा वापरायची फक्त परवानगी देणारा करार) 60 महिन्यांपर्यंत असेल तर एकूण भाडं आणि परत करायच्या अनामतीवर वर्षाला 10% व्याज यांच्या बेरजेवर 0.25%. महिन्याचं भाडं 50,000, अनामत 3 लाख, मुदत 60 महिने धरली तर 31.5 लाखांवर 7,875 रुपये. मुदत 60 महिन्यांच्या वर नेली की लीजचा (भाडेपट्ट्याचा) दर लागतो, आणि तो बराच जड पडतो.

वकिलाकडे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) आणि मंजूर नकाशा घेऊनच जा. जागेचा वापर 'निवासी' निघाला तर पुढचं सगळं फोल. लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही ती अट) दोघांवर आहे की फक्त भाडेकरूवर, मध्येच सोडल्यास किती महिन्यांचं भाडं द्यायचं, फर्निचर कोणाचं, जीएसटी भाड्यात धरलाय की वेगळा, हे आकड्यांसकट लिहून घ्या. 'परस्पर संमतीने ठरेल' असं वाक्य दिसलं की खोडाच.

नोंदणी टाळू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम 55 नुसार ती जबाबदारी मालकाची. ती नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं.