कारवानी मादी एकाच बापाच्या नराला लावावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चाकूर तालुक्यातले, जि. लातूर. आमच्या शेतातल्या आखाड्यावर कारवानी या शिकारी जातीची कुत्री आहे, वय सव्वा वर्ष. आमच्या भागात जानवळ गावच्या कारवानी कुत्र्यांचं नाव मोठं आहे, त्यामुळं अशी कुत्री दारात असली की पिल्लं मागणाऱ्यांची रीघ लागते.

ही मादी खरी कामाची आहे. हरभऱ्याच्या दिवसांत रात्री रानडुकरं शिरतात. ती उगाच भुंकत बसत नाही. खाटेखालून उठते, मान लांब करून अंधारात बघते आणि मग एकदम सुटते. डुकरं बांधापलीकडं गेली की तिथंच थांबते, पुढं जात नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून तिची पिल्लं व्हावीत असं मलाही वाटतं, पण चांगली व्हावीत.

अडचण अशी आहे. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं त्यांनी पैसे घेतले नाहीत. पहिल्या वेतातली एक मादी परत द्यायची, असं वडिलांचं त्यांच्याशी बोलणं झालं. आता ती दुसऱ्यांदा माजावर यायच्या बेतात आहे आणि ते म्हणायलेत, आमच्याच नराला लावा. तो नर आणि आमची मादी, दोघांचा बाप एकच. त्यांचं म्हणणं, घरचं रक्त राहिलं तर जात पक्की राहते. पण त्यांच्याकडच्या मागच्या वेतात निम्मी पिल्लं आठवड्याच्या आतच गेली, आणि जगलेल्यातल्या एकाचा खालचा जबडा आखूड आहे. हे जवळच्या रक्तामुळं असेल का? सव्वा वर्षाची मादी लावावी का? एखाददुसरं पिल्लू विकलं तर परवाना लागतो का? आणि वडिलांचा शब्द मोडू न देता नाही कसं म्हणावं? ती माणसं वाईट नाहीत, संबंध तोडायचे नाहीत.

प्रतिसाद

भाऊ, मी पशुवैद्यक आहे. एका वेतावरून कारण ठामपणे सांगता येत नाही. पिल्लं थंडीनं जातात, हर्पीससारख्या विषाणूनं जातात, आईला दूध कमी असलं तरी जातात. पण जवळच्या रक्तात पिल्लं कमी होणं, अशक्त निघणं, जबड्याचे दोष वर येणं, हे ठरलेलं आहे. आई-बापात एक समान पालक असेल तर पिल्लाच्या प्रत्येक जनुकजोडीत दोन्ही प्रती त्याच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता १२.५ टक्के, सख्ख्या भावाबहिणींत २५ टक्के. बापात दबलेला दोष पिल्लात उघडा पडतो तो असा. चांगलं पक्कं होतं तसं वाईटही पक्कं होतं.

केंद्राचे २०१७ चे श्वान प्रजनन व विक्रीचे नियमही हेच सांगतात: सख्खी आणि सावत्र भावंडं, आई-बाप आणि पिल्लं, आजा आणि नात यांचं मेटिंग करायचं नाही. मादी १८ महिन्यांच्या आत नाही, ८ वर्षांनंतर नाही. लागोपाठच्या दोन माजांत नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडायचं नाही. विक्रीसाठी पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची असते. म्हणून हा माज जाऊ द्या. मेडिकलवरून माज थांबवायचं इंजेक्शन मात्र अजिबात देऊ नका, त्यातून गर्भाशयात पू होतो आणि मादी दगावू शकते.

प्रतिसाद

परभणीहून लिहितोय, घरात वडिलांच्या काळापासून ही कुत्री आहेत. माजाचे तीन आठवडे तिला आखाड्यावर ठेवू नका. गावातला कुत्रा कुडातनं घुसतो, आणि एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. मोकाट कुत्र्याकडून योनीमार्गाच्या गाठीचा संसर्गजन्य रोगही लागतो, आमच्या एका मादीला तो झाला होता. घरी पक्क्या दाराच्या खोलीत ठेवा, बाहेर काढताना साखळी हातात.

शब्दाचं म्हणाल, तर शब्द मादी पिल्लू द्यायचा आहे, नर कुणाचा हे त्यात कुठं ठरलं? बाहेरच्या नराचं पिल्लू त्यांच्याच घरी नवं रक्त घेऊन जाईल, हे त्यांच्या फायद्याचं आहे. तुम्ही नको, वडिलांनाच सांगू द्या. वडीलधाऱ्यांचं एकमेकांत ऐकलं जातं. आणि ससे-हरणांमागं सोडायला पिल्लू मागणाऱ्याला देऊ नका. ती शिकार गुन्हा आहे, कुत्रंही त्यातच मरतं.

धागाकर्ता

डॉक्टर, दादा, मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. नर ठरलेला नव्हता, हे त्यांनाही पटलं. ते उद्या स्वतः जाऊन बोलणार आहेत. या माजात तिला घरीच ठेवतो. पुढच्या माजाआधी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन तपासून घेईन. डॉक्टर, ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या जंतूची) तपासणी नर आणि मादी दोघांचीही करावी लागते ना?

आता नराचा शोध. अहमदपूर, उदगीर, नांदेड भागात कुणाकडं दोन वर्षांवरचा, राखणीचं काम करणारा कारवानी नर असेल तर कळवा. त्याच्या आई-बापाची माहिती हवी, आणि शक्य असेल तर त्याची आधीची पिल्लं बघायला मिळावीत. दिसायला फार देखणा नसला तरी चालेल, लेकरांवर न गुरगुरणारा पाहिजे.