काठीचा काळा रंग हाताला लागू नये म्हणून
नक्षीसाठी गॅसच्या टॉर्चने (ज्योत फेकणाऱ्या बर्नरने) भाजलेल्या सागाच्या काठीचा काळा रंग तळहाताला लागतो, ही आपली तक्रार रास्त आहे. मात्र माझ्या मते दोष आचेचा नसून, सुटा कोळसा न काढताच तेल लावल्याचा आहे. काठी पूर्ण थंड झाल्यावर तारेच्या ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावी, म्हणजे मऊ भाग झिजून कठीण रेषा उठून दिसतात, आणि मला तरी हीच खरी नक्षी वाटते. मग आपल्या विदर्भात पिकणाऱ्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवावीत. गडचिरोलीकडील भरीव बांबू भाजायला उत्तम, पण पोकळ बांबूत कोंडलेली हवा तापून पेर फुटते, म्हणून आधी प्रत्येक पेराला बारीक छिद्र पाडावे.