मदत हवी आहे: गरम पाण्याने मासळी गेली, हरकत कशी लिहायची?

खाडीकाठ: सोमवारी जनसुनावणी. मी बारावी पास म्हणून मच्छीमार सोसायटीने हरकत माझ्या गळ्यात मारलीय. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात मासळीवर परिणाम 'नगण्य'. इथे डोलीत (खुंटांना बांधलेल्या जाळ्यात) बोंबील कमी, कचरा जास्त. काय लिहू? घाई आहे.

सातबारा: प्रकल्प कुठला? अणू, कोळसा, पवनचक्क्या? नवा की वाढीव?

उत्तरसमुद्र: पवनचक्क्यांना घाबरू नका. डेन्मार्कने १९९१ सालीच समुद्रात ११ उभ्या केल्या. खांबांना शिंपले धरतात, मागोमाग मासे येतात.

टंडेल: येतील हो, पण तिथे जाळं कोण नेऊ देणार? समुद्रातल्या मुंबई हायच्या तेलाच्या फलाटांपासून ५०० मीटर लांब राहावं लागतं. डोलीचे खुंट काय रोज उपटून हलवायचे?

खाडीकाठ: अहो, पवनचक्की कुठून आली! वर 'गरम पाणी' लिहिलंय ना. कोळशाचं वीजकेंद्र आहे, जुनं. आता त्यात वीजनिर्मितीचा तिसरा संच येतोय. नाव टाकत नाही, गावात आधीच दोन तट पडलेत.

बाष्प: जुनं म्हणजे कधीचं? १ जून १९९९ नंतरच्या किनारी केंद्राने समुद्राचं पाणी ७ अंशांहून जास्त तापवायचं नाही. आधीच्यांना १० अंशांची सूट. पण सगळे सोडलेल्या पाण्यावरच भांडतात, यंत्रं थंड करायला समुद्रातून खेचलेल्याचं काय? मी अशाच केंद्रात बारा वर्षं काढली. मोठी मासळी जाळीवर अडकते. अंडी, पिल्लं थेट आत. तिथे उष्णता, वर नळांत शिंपले धरू नयेत म्हणून क्लोरीन. अंडी-पिल्लं मोजली का, कोणत्या महिन्यांत, ते विचारा.

पापलेटवाला: मासळी एलईडी दिव्यांच्या मासेमारीने आणि पर्ससीनने (अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याने) संपवली. वीज सगळ्यांना हवी!

टंडेल: एलईडीवर २०१७ पासून बंदी आहे. पाळतं कोण, ते सोडा. पण आमचा बोंबील पर्ससीनवाले नेतात होय?

सातबारा: सुनावणीत हेच ऐकवतील. म्हणून 'सगळं गरम पाण्यामुळे' लिहू नका. सोसायटीच्या डिझेल-बर्फाच्या वह्या काढा: बोटीमागे फेऱ्या किती, डिझेल किती, दुसऱ्या संचाआधी आणि नंतर. अहवालाचा मराठी सारांश मिळाला का? द्यावाच लागतो.

पापलेटवाला: सुके बोंबील पुण्यात घरपोच मिळतील का कुणाकडे?

खाडीकाठ: सारांश आहे. खेचलेल्या पाण्यावर एक ओळ नाही. वह्या सापडल्या, दोन वर्षं वाळवीने खाल्लीत. बाष्पसाहेब, पिल्लांना शास्त्रात काय म्हणतात?

बाष्प: पिल्लंच लिहा. आणि केंद्र कधी सुरू झालं, ते अजून सांगितलं नाहीत.