‘जन्माने बौद्ध’ म्हणता येतं का?

लेखणीबाई: एका दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन करतेय. लेखिका नागपूरच्या, जन्म १९६२ चा. त्यांनी लिहिलंय, ‘मी जन्माने बौद्ध’. संपादकांनी तिथे ‘नवबौद्ध’ केलं. दुसऱ्या सहकाऱ्याच्या मते दोन्ही चूक: बौद्ध जन्मानं होत नाही, त्रिशरण-पंचशील घेऊन होतो, म्हणून ‘बौद्ध कुटुंबात जन्मले’ लिहा. लेखिका म्हणतात, मी लिहिलंय तेच राहू द्या. काय ठेवू?

नागनदी: जय भीम ताई. ‘नवबौद्ध’ आधी काढा. तो सरकारी योजनांच्या कागदांवरचा शब्द, ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असा जोडीनं येणारा. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्ध यायला १९९० उजाडलं, राज्यातल्या सवलतींसाठी हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेला. सवलतीपुरता ठीक. माणसाची ओळख सांगताना ‘नव’ किती पिढ्या ओढायचं? १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी पांढरं लुगडं नेसून दीक्षेला गेली. घरी आल्यावर तिनं देव्हाऱ्यातले टाक सुपात घातले आणि स्वतः जाऊन नदीत सोडले. आजी नवी होती. माझी मुलगी कुठून नवी?

म्हापसेकर: गोव्यातही हेच. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी ख्रिस्ती झालेल्या गावडा समाजाची शुद्धी केली, म्हणजे त्यांना परत हिंदू धर्मात घेतलं, ते ‘नवहिंदू गावडे’ झाले. शंभरी भरत आली, ‘नव’ सुटलेलं नाही. त्याआधी पोर्तुगीज काळात जी धर्मांतरं झाली, त्यांना आम्ही ‘बाटाबाटी’ म्हणतो. ‘बाटणे’ या क्रियापदाकडे बघा. भांडं बाटतं, विहीर बाटते, तसा माणूस बाटतो. नाहीतर त्याला कोणी बाटवतं. त्याला स्वतःलाही काही वाटलं असेल, याला या शब्दात जागाच नाही. आजोबा सांगायचे, ‘वाट’ सोडली तो ‘बाटला’.

जुनी पोथी: ती व्युत्पत्ती टिकत नाही. ‘व’चा ‘ब’ हिंदीत होतो, मराठीत ‘व’ राहतो. आपलं वीस, त्यांचं बीस. आपली वाट, त्यांची बाट.
मूळ प्रश्नावर माझं मत ठाम आहे. बौद्ध म्हणजे बुद्धाचा अनुयायी, अनुयायी म्हणजे मागून चालणारा. पाळण्यातलं मूल कोणाच्या मागे चालतं? धर्म शब्दही ‘धृ’ धातूवरून आला. जो आपण धारण करतो तो धर्म. लेखिकांचा प्रयोग अशुद्ध आहे, लेखिका कोणीही असोत.

नागनदी: काका, महाभारतात ‘धारणाद्धर्ममित्याहुः’ आहे, पुढे ‘धर्मो धारयते प्रजाः’. म्हणजे धर्म माणसांना धारण करतो. तुम्ही अर्थ उलटा लावलात.
आणि जैन म्हणजे जिनाचा अनुयायी. ‘जन्माने जैन’ कुठे छापून आलं तर कोणी लाल पेन काढत नाही. निवडीचा दाखला आमच्याकडूनच का मागायचा? मला हे शब्दापुरतं वाटत नाही. तुम्ही अजून मुळात दुसरेच कोणीतरी आहात, हे त्यातून ऐकू येतं.

जुनी पोथी: निकष सर्वांना सारखा लावायला मी तयार आहे. ‘जन्माने जैन’ही काढा.

पाचूबंदर: सारखा लावायचा तर वसईत या. आमच्याकडे बाळाचाच बाप्तिस्मा होतो, त्याच्या वतीनं धर्ममाता-धर्मपिता उत्तरं देतात. पुढे मोठं झाल्यावर दृढीकरण, म्हणजे तीच श्रद्धा स्वतःच्या तोंडानं कबूल करणं. मग मी ख्रिस्ती कधी झालो? बायकोच्या माहेरच्या पंथात लहान मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत, त्यामुळे आमच्या घरात हा वाद जेवणाच्या टेबलावर होतो आणि खरंच मनाला लागतो.
पारशांनी मात्र दोन शब्द वेगळे ठेवले. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हाच मुद्दा होता. रतनजी दादाभॉय टाटांच्या फ्रेंच पत्नीची नवजोत, म्हणजे जरथुष्ट्री धर्माची दीक्षा, झाली होती. न्यायालय म्हणालं, जरथुष्ट्री धर्म स्वीकारला म्हणून कोणी पारशी होत नाही. धर्म घेता येतो, पारशी बापाच्या पोटी जन्मावं लागतं.

शेवंता: मला वेगळंच दिसतंय. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये, आज माझा नवा जन्म होत आहे, अशी एक प्रतिज्ञा आहे. ख्रिस्ती लोकही ‘नव्यानं जन्मणं’ म्हणतात. मुंज झालेला तो द्विज. निवडीलाही आपण जन्मच म्हणतो, मग ‘जन्माने बौद्ध’ला हरकत कसली?

नागनदी: शेवंताताई, प्रतिज्ञा आणि द्विज एका माळेत नका ओवू. द्विजाचा दुसरा जन्म कोणाला मिळणार, ते पहिल्याच जन्मावर ठरायचं. बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ मध्ये, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असं सांगितलं ते ती कडी तोडायला.

शेवंता: ते मान्य. पण कडी तोडल्यावर पुढच्या पिढीला ‘जन्माने’ लावलं की ती परत जोडली जात नाही का? हे मी वादासाठी विचारत नाही. माझ्या मुलांना काय सांगू, याचं उत्तर मला हवंय.

लेखणीबाई: पानं उद्या जायचीत. मी लेखिकांचं वाक्य जसंच्या तसं ठेवू?

म्हापसेकर: शेवंताताईंच्या प्रश्नात आणखी एक भर. आई कॅथलिक, बाप हिंदू, घरात कुठलेच संस्कार झाले नाहीत, असा माझा भाचा आहे. तो ‘निधर्मी’ लिहितो. शब्द बरोबर आहे?

जुनी पोथी: नाही. ‘निधर्मी’ राज्य असतं. माणूस ‘धर्म न मानणारा’.

पाचूबंदर: न मानायला आधी असावा लागतो ना, काका? त्याला तो दिलाच नव्हता.