टँकर की बाटली?
"टँकरने व्हिस्की विकणं म्हणजे स्कॉटलंडमधल्या बॉटलिंग कामगारांच्या पोटावर पाय" म्हणून स्कॉच बाटलीत न भरता टँकरमधून घाऊक परदेशी पाठवणं थांबवावं, हा मुद्दा मला अर्धाच पटला. सिंगल माल्टपुरतं (एकाच डिस्टिलरीत फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून बनलेली स्कॉच) ते दार नोव्हेंबर २०१२ पासून बंदच आहे. तो स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावा लागतो. लाकडी पिंपातून तर कुठलीच स्कॉच देशाबाहेर नेता येत नाही. घाऊक जाते ती मुख्यतः ब्लेंडेड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून केलेली.

ती थांबवली तर? आपलंच बघा. व्हॅट ६९, १०० पायपर्स या स्कॉच इथेच भरल्या जातात. येताना कडक स्पिरिट येतं, पाणी घालून ४२.८ टक्क्यांवर इथे आणतात. काच, बूच, खोकं सगळं इथलं. २०२५ मधल्या १५० टक्के आयातशुल्काच्या हिशेबात हे फार महत्त्वाचं, कारण भरलेली बाटली आणली की त्या काचेवर नि खोक्यावरही शुल्क! शिवाय आपल्या बऱ्याच देशी व्हिस्कींत थोडी स्कॉच मिसळलेली असते, तीही टँकरवालीच. टँकर बंद झाला तर ते गिऱ्हाईक महागड्या बाटलीकडे जाईल हे काही मला खरं वाटत नाही.

जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. तेव्हा बाटलीचं गणित थोडं सुधारेल.