घोडेस्वारीच्या सहली नेण्याचे काम: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
मी इंदूरची, वय २६. चार वर्षे इथल्या रायडिंग स्कूलमध्ये शिकते आहे आणि दुडकीवर, म्हणजे घोडा हलक्या धावेत असताना, मांड पक्की झाली आहे. पर्यटकांना तीन-चार दिवसांच्या घोड्यावरच्या सहलींना नेण्याचे काम करावे, असे मनात आहे. दोन घोडे घेऊन मांडू-महेश्वरकडे थेट सुरुवात करावी, की आधी कोणाच्या हाताखाली राहावे? घरच्यांच्या मते हा वरातीला घोडी देण्याचाच धंदा आहे.

पहिले उत्तर
घोडे आत्ता घेऊ नका. राजस्थानातल्या शेखावाटीत मारवाडी घोड्यांच्या सफारीवर मी तीन हंगाम काढले. त्यातला पहिला संपूर्ण हंगाम रांगेच्या शेवटी होतो, आणि खरे काम तिथेच कळले. कोणाची रिकीब (पाय ठेवायची कडी) लांब झाली आहे, कोणाचा घोडा पुढच्याच्या शेपटीला भिडतो आहे, कोण एकाएकी गप्प झाला आहे, हे मागूनच दिसते. निघाल्यावर पंधरा मिनिटांत थांबून प्रत्येकाचा तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळावा लागतो. ‘स्वारी उत्तम येते’ असे लिहून देणाऱ्या पाहुण्याला तर आधी रिंगणात फिरवून पाहिल्याशिवाय घोडा देऊच नये. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावेत, म्हणजे ३५० किलोच्या घोड्यावर ७० किलो; हे पाहुण्याला तोंडावर सांगण्याची हिंमतही याच पगारात धरलेली असते.

दुसरे उत्तर
मी महूजवळ घोडे पाळतो. माळव्याची काळी माती पावसात इतकी निसरडी होते की सहली बंद ठेवाव्या लागतात, पण चंदी, म्हणजे घोड्यांचा खुराक, बंद होत नाही आणि नालबंदही सहा-आठ आठवड्यांनी लागतोच. त्याहून मोठी भीती पोटशुळाची आहे, कारण घोड्याला ओकता येत नाही. मुक्कामावर तो वळून वळून कुशीकडे पाहू लागला, जमिनीवर लोळू लागला आणि एरवी मिनिटाला चाळिशीच्या आसपास असलेली नाडी साठीपुढे गेली, तर सकाळची वाट पाहू नये. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे खरे, पण मांडूच्या डोंगरातून रात्री घोडा तिथवर कशातून नेणार, याचे उत्तर आधी तयार ठेवा.

प्रश्नकर्ती
मग कामासाठी अर्ज करताना काय लिहावे?

पहिले उत्तर देणारे
मोतद्दाराच्या (घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या) कामालाही तयार आहे, असे लिहा आणि ऑक्टोबरच्या आधी पाठवा. तोवर स्कूलमध्ये रोज खोगीर स्वतः उतरवा आणि खरारा करण्याआधी (ब्रशने अंग घासण्याआधी) पाठीवरचा घामाचा ठसा पाहा. ओल्या ठशाच्या मध्येच तळहाताएवढा कोरडा चट्टा दिसला, तर तिथे खोगीर दाबते आहे. त्या घोड्यावर दुसऱ्या दिवशी तेच खोगीर चढवू नका.